सड्यावर पहिल्या पावसात उगवणारं पांढरं फूल कोणतं?

सड्याखालची (२४ जून)
नमस्कार मंडळी. माहेर राजापूर तालुक्यातलं, आता राहते पुण्यात. गेल्या आठवड्यात काकांच्या वर्षश्राद्धाला गावी गेले होते. दुपारी पाऊस उघडला म्हणून घरामागची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या सपाट कातळावर गेले. मिरगाचा पाऊस लागून जेमतेम चार-पाच दिवस झाले होते. काळा कातळ ओलाचिंब, आणि त्याच्या भेगांमधून पांढरी फुलं उभी! मूठभर माती नाही अशा जागी. दांडा हातभर उंच, एकेका दांड्यावर चार-पाच फुलं, पात लांब आणि बारीक. लहानपणीही ती असणारच तिथे, पण तेव्हा आमची नजर करवंदांवर.

विचारायचं कारण वेगळं आहे. ही साडेतीन एकर जागा सातबाऱ्यावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला अयोग्य, लागलेली आहे. आता चिरेखाणीसाठी, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढायला, मागणी आली आहे. भाऊ म्हणतो, "तिथे पिकतं काय? मग देऊन टाकू." मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलं. तिथे काय उगवतं ते मला त्याला नावानिशी सांगायचं आहे. तर हे फूल कोणतं? आणि आपल्या किनारपट्टीवर, सडा असो, खाडी असो की वाळू, तुम्ही कोणती रानफुलं कुठे पाहिलीत तेही लिहा.

घाटावरचा_बंडू
फोडशी! कुलूची भाजी. पहिल्या पावसात येते, पांढरी फुलं असतात. कोवळी असताना काढा, आतला कडक दांडा काढून टाका, डाळ घालून परता.

मालवणी_बाय
बंडू, फोडशीचा फूल केवढा बारीक! चांदणीसारखा. ताई हातभर दांड्याबद्दल बोलतत. तुका सगळीकडे भाजीच दिसता काय रे?

घाटावरचा_बंडू
पावसाळ्यात हो. टाकळा, भारंग, कुर्डू, काही सोडत नाही.

पाटीवरची_बाई
मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. ताई, एक बघून सांगा. फुलाच्या मधोमध वाटी आहे का? म्हणजे पुंकेसरांचे तळ पातळ पांढऱ्या पडद्याने एकमेकांना जोडून पेल्यासारखं काही झालंय का? तसं असेल तर ते पँक्रेशियम. तेही सड्यावर ह्याच दिवसांत फुलतं. वाटी नसेल, आणि पुंकेसर बाहेर न डोकावता फुलाच्या नळीत दडलेले असतील, तर ती दीपकाडी. शास्त्रीय नाव दीपकाडी कोंकणेन्स. नावातच कोकण आहे, कारण ही जात कोकण आणि गोव्याच्या सड्यांखेरीज जगात कुठेच आढळत नाही.

जमिनीखाली तिचा कांदा असतो. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत तो कातळाच्या भेगेत गप्प पडून राहतो. वर कातळ इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. मग पहिला पाऊस येतो आणि काही दिवसांत फूल! बाकीचं गवत डोकं वर काढायच्या आत तिचं फुलणं उरकायला लागलेलं असतं.

सड्याखालची
बाई, फोटो मोठा करून बघितला. वाटी नाही. पुंकेसर दिसतच नाहीत, नळीत आहेत. सहा पाकळ्या, टोकाशी मागे वळलेल्या. म्हणजे दीपकाडी! जगात फक्त आपल्याकडे, आणि मी तिच्यावर पाय देत करवंदं काढली.

देवगडी_कलमवाला
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. आमचा सडा वडिलांनी १९९० नंतरच्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेत लागवडीखाली आणला. कातळात सुरुंग लावून खड्डे, खालून डोक्यावरून आणलेली माती, आणि त्यात हापूसची कलमं. पहिली काही वर्षं आईने उन्हाळ्यात कळशीने पाणी घातलं. आज त्याच सड्यावर आमची दोन घरं चालतात, बहिणीचं शिक्षण त्यावर झालं. पुण्या-मुंबईला राहून "सडा राखा" म्हणणं सोपं आहे. गावात राहणाऱ्याने काय फुलं खायची?

पाटीवरची_बाई
कलमवाले, राग कसला? तुमच्या आईच्या कळशीला माझा नमस्कार. तुमच्या वडिलांनी केलं ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. फक्त तिथे काय होतं ते सांगते, म्हणजे हिशेब पुरा होईल.

जांभ्याचा सडा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमने घट्ट झालेलं कवच. वर धो धो पाऊस, पण माती बोटभर, तीही खोलगट जागीच. पाण्याबरोबर खतावळ वाहून जाते, नायट्रोजन जवळजवळ नाही. अशा उपाशी जागी जगायला काही झाडांनी शिकार धरली. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर जो निळा-जांभळा गालिचा दिसतो ना, ती सीतेची आसवं. फूल नाजूक, नखाएवढं. पण ओल्या मातीत तिच्या बारीक फुग्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव फुगीच्या दाराशी केसाला लागला की सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी वेळात आत ओढला जातो. तिच्याच शेजारी दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा. पानावरच्या तांबड्या केसांच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की केस त्याच्यावर वाकत येतात. आणि जिथे पाण्याची डबकी साचतात तिथे गेंद, पांढऱ्या बटणांसारखा.

आता ह्या जागेवर माती टाकली तर ही सगळी झाडं आनंदाने वाढतील असं वाटतं, पण होतं उलटं. माती आली की उंच गवत आणि रान माजतं, आणि ही बुटकी मंडळी सावलीत संपून जातात. माती नसणं हीच त्यांची जागा.

वाटसरू
म्हणजे आमच्याकडे कास आहे आणि आम्हाला माहीतच नाही! तिकीट लावा, उत्पन्न सुरू.

सड्याखालची
नको हो. कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं आणि नंतर रविवारची गर्दी मी पाहिली आहे. आमच्या पाखाडीवर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाजूला उभं राहावं लागतं.

खाडीकाठ
रायगड जिल्ह्यातून. आमच्याकडे सडा कमी, खाडी जास्त, म्हणून खाडीचं लिहितो. लोक म्हणतात तिवराच्या चिखलात कसलं फूल! एकदा संध्याकाळी भरतीच्या वेळी होडीतून जा. चिप्पीच्या कळ्या अंधार पडताना उमलतात. पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका, पावडर लावायच्या पफसारखा. वटवाघळं आणि पतंग मधासाठी येतात. सकाळी जाल तर पाण्यावर नुसते पांढरे केसर तरंगताना दिसतील. हीच पांढरी चिप्पी २०२० मध्ये आपल्या राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली.

तिवराची फुलं मात्र बारीक, पिवळी, लक्षात न येणारी. पण उन्हाळ्यात झाडाखाली उभं राहिलं की मधमाशांचा आवाज कानात भरतो. काठावर, चिखल संपतो तिथे, मारांडी. पानं काटेरी, हात लावाल तर ओरबाडेल, फूल मात्र निळं-जांभळं देखणं. आणि त्याच्यावर कोरड्या बांधाला भेंड. फूल सकाळी पिवळंधमक, संध्याकाळपर्यंत लालसर होऊन गळतं. एकाच झाडावर दोन रंगांची फुलं बघून लहानपणी मला वाटायचं की दोन झाडं एकात मिसळली आहेत.

एक सावधगिरी. गेवा ह्या खाडीतल्या झाडाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. आमच्या वाडीतल्या एकाला फांदी तोडताना उडाला, तीन दिवस डोळा उघडला नाही.

मालवणी_बाय
आता वाळूचा मी सांगतंय. मर्यादवेल! पान आपट्यासारखा दोन भागांचा, फूल गुलाबी-जांभळा कर्ण्यासारखा. सकाळी फुलता, दुपारी मिटता. माझी आजी सांगायची, समुद्र ह्या वेलीच्या पुढे येत नाय, म्हणून ती मर्यादा. वेल जिथे जमिनीक टेकता तिथे मुळां फुटतत आणि वाळू धरून ठेवतत. तिच्यासोबत रावणाच्या मिशा. ह्या गवताचे मादीझाडाचे काटेरी गोळे वाऱ्यावर किनाऱ्यावरसून गडगडत जातत, आम्ही त्यांच्या मागे धावायचो, कोणाचो पुढे जाता बघूक.

दूरदेशी
मालवणीबाय, डोळ्यात पाणी आणलंत. मी ब्रिस्बेनला असते. पहिल्या वर्षी इथल्या किनाऱ्यावर गेले तर वाळूवर मर्यादवेल! तेच पान, तेच फूल. तिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर जातात, म्हणून उष्ण किनाऱ्यांवर जगभर आहे. मी तिथेच बसून आईला व्हिडिओ कॉल केला.

खाडीकाठ
आमच्याकडे मर्यादवेल कमी झाली. किनाऱ्यावर सुरूची बनं लावली, त्याच्या काड्यांचा जाड थर पडतो, खाली काही उगवत नाही. जिथे सुरू नाही तिथे आता गाड्या वाळूवर घालतात. एका गाडीच्या चाकाखाली जी वेल तुटते ती पुन्हा धरायला दोन पावसाळे जातात, मी स्वतः बघितलंय.

शेवळप्रेमी
रानफुलांत शेवळं कुणी लिहिलीच नाहीत! जून सुरू होताना ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारात कातकरी बाया जुड्या घेऊन बसतात. हे फूलच, म्हणजे सुरणाच्या कुळातल्या झाडाचा फुलोरा. पान नंतर येतं. जांभळट आवरण सोलून आतला पिवळा भाग टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. आणि काकडं ही रानफळं हवीतच, जुडीबरोबर तीही देतात. काकडांच्या रसाशिवाय शेवळं शिजवू नये.

घाटावरचा_बंडू
शेवळप्रेमी, तुम्ही माझे खरे भाऊ.

पेडणेकार
गोव्यातून नमस्कार. रानफुलांचा विषय आणि माटोळी नाही म्हणजे कसं? चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतो, तिला रानातली फळं-फुलं बांधतो. सिंधुदुर्गात तिलाच माटवी म्हणतात. कवंडळाची लाल फळं, कांगणीचे घोस, आंबाडे, कळलावीची आणि हरणाची फुलं, आणि शेरवड. शेरवडाचं जे पांढरं पान दिसतं ते पान नाही आणि पाकळीही नाही. फुलाच्या खालच्या हिरव्या दलांपैकी एकच मोठं होऊन पांढरं झालेलं असतं. खरं फूल त्याच्या बुडाशी, बारीक नारिंगी. माझे वडील मला रानात नेऊन एकेक दाखवायचे, "हे घे, हे नको, एवढं झाडावर ठेव." माटोळीमुळे मला पन्नासेक झाडं ओळखता येतात. आता बाजारात तयार जुड्या मिळतात. विकणाऱ्यांचं पोट त्यावर आहे, पण कळलावी मुळासकट उपटून आणलेली दिसते तेव्हा वाईट वाटतं. मूळ काढलं की पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार?

मालवणी_बाय
खरा. आणि कळलावीचा कंद विषारी आसा हां, पोरांच्या हातात देव नको.

वाटसरू
गौरी तेरड्याच्या असतात ना कोकणात? 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात ते त्याचंच का?

पाटीवरची_बाई
त्याचंच. बऱ्याच घरांत तेरड्याची रोपं मुळासकट आणून गौर बसवतात. काही घरांत नदीकाठचे खडे. तेरडा मात्र उपटला तरी चिंता नाही. त्याची पिकलेली बोंडं बोट लागताच फुटून बिया उडतात, दर वर्षी बांधावर हजारोंनी येतो. हाच फरक कळायला हवा, कोणतं झाड खुडलेलं सोसतं आणि कोणतं नाही.

पेडणेकार
आणखी एक, सड्याच्या कडेला लाल गुच्छांचं झुडूप असतं ते आमचं पिडकूळ. फळं गोड.

मालवणी_बाय
आमचाय पिडकूळच.

खाडीकाठ
आमच्याकडे बकोरा.

शेवळप्रेमी
पेंडगूळ!

पाटीवरची_बाई
सगळी बरोबर. इक्झोरा कॉक्सिनिया. बंगल्यांच्या कुंपणाला रोपवाटिकेतून विकत आणतात ती हीच, आणि इथे सड्याच्या कडेला रानटी उगवते.

वेंगुर्लेकरीण
फुलं म्हणजे सुरंगी, एवढंच मला माहीत! फेब्रुवारी संपताना बहर येतो. जाड फांद्यांना थेट कळ्या चिकटलेल्या असतात, मोत्यांसारख्या. उजाडायच्या आत झाडावर चढायचं, कारण कळी उमलली की गजऱ्याला भाव नाही. झाडावर हुमले, म्हणजे चावरे लाल मुंगळे, असतातच. माझे बाबा अंगाला राख फासून चढायचे तरी मानेवर चावे. खाली आम्ही बायका साड्या पसरून वेचायचो. सुकलेल्या गजऱ्याचा वास तर ओल्यापेक्षा गोड, माझ्या आईच्या ट्रंकेत अजून एक आहे.

किनाऱ्याला उंडीही विसरू नका. पांढरी फुलं, मध्ये पिवळे केसर. फळाचं कडू तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांना लावायचे.

देवगडी_कलमवाला
सगळ्यांचं वाचतोय. बाईंनी मातीचं लिहिलं ते पटलं. आमच्या बागेच्या कडेला एक पट्टा आहे, तिथे सुरुंग लागला नाही म्हणून तसाच राहिला. काल मुद्दाम जाऊन पाहिलं. दीपकाडी आहे. मोजल्या, एकतीस दांडे. बागेत एकही नाही. पस्तीस वर्षं मी त्या कडेने बागेत जातो.

ताई, बाग आणि चिरेखाण ह्यांत मात्र फरक करा. बाग नको असेल तर उद्या सोडता येते. खाणीत कवचच निघून जातं, मग दहा-वीस फुटांचा खड्डा, त्यात पाणी आणि बुडणारी गुरं. आमच्या शेजारच्या वाडीत वरचा कातळ कापला आणि खालची पऱ्ह्याची, म्हणजे ओढ्याची, बारमाही धार मार्चमध्येच बंद पडायला लागली. सड्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी खालच्या चिकण मातीवर अडून कडेने झऱ्यासारखं निघतं. तुमची विहीर सड्याखाली आहे का ते आधी बघा.

सड्याखालची
विहीर? माझी आयडीच बघा ना! घरही खाली, विहीरही खाली. दादा, हे मला सुचलंच नव्हतं. मनापासून आभार.

जांभ्याचं_घर
आम्ही तीन पिढ्या चिरे काढतो, म्हणून लिहितो. चिऱ्याशिवाय कोकणात घर उभं राहत नाही, तुमचं माहेरही चिऱ्याचंच असणार. पण पूर्वी कुऱ्हाडीने आणि छिन्नीने काढायचो, एका घरापुरतं एक कोपरा. आता यंत्र लागलं की एका हंगामात सडा संपतो. जिथे आधीच कापलेलं आहे तिथेच पुढे कापा, नवा कातळ उघडू नका, असं मी आमच्यात सांगत असतो. काही ऐकतात.

आणि खणायच्या आधी कातळ झाडून बघा. राजापूर-रत्नागिरीच्या कितीतरी सड्यांवर कातळशिल्पं आहेत. त्यातली निवडक स्थळं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आमच्या आजोबांनी एका ठिकाणी माशाची आकृती दिसली म्हणून पहार बाजूला ठेवली होती.

वाटसरू
कांदळवनाला कायदा आहे, वाळूच्या टेकड्या किनारा नियमनाच्या क्षेत्रात येतात. सड्याला काय?

पाटीवरची_बाई
सरकारी नजरेत त्याचं नाव 'पडीक'. जंगल नाही म्हणून वनखातं नाही, शेती नाही म्हणून शेतीखातं नाही. म्हणून तर ताईंचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. नाव लिहिलं गेलं की पडीक म्हणणं थोडं जड जातं. ताई, महिन्यातून एकदा तरी कुणाला तरी सड्यावर पाठवून फोटो मागवा. जूनमध्ये दीपकाडी, जुलैत हबेनारियाची ऑर्किडं, भाद्रपदात सीतेची आसवं आणि कवल्याची पिवळी फुलं. आपण इथे ओळख पटवू.

सड्याखालची (१९ सप्टेंबर)
बरेच दिवसांनी लिहिते आहे. गणपतीला सगळे गावी होतो. बाईंनी सांगितल्याप्रमाणे पुतण्या दर महिन्याला फोटो पाठवत होता, आजवर सव्वीस झाडांची ओळख पटली. कागदावर लिहून नेलं होतं. पण गौरीच्या आदल्या दिवशी तेरडा आणायला म्हणून भावाला सड्यावर घेऊन गेले आणि कागद काढायची वेळच आली नाही. सगळा सडा निळा. तो काही बोलला नाही. चपला काढल्या आणि कडेकडेने चालायला लागला.

घरी येऊन काकूला दीपकाडीचा फोटो दाखवला, म्हटलं, "हिला तुम्ही काय म्हणायचात?" ती म्हणाली, "नाव कसलं गो? कांदा. साळिंदर उकरून खातं तो." मग म्हणाली, "तुझे काका पाऊस लागला की वर जाऊन बघून यायचे, कांदा फुलला का. फुलला की भात पेरायला घ्यायचे." इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं.

निर्णय असा झाला. खाणवाल्याला 'नाही' म्हणून कळवलं. भावाला पैशाची गरज आहे ही गोष्ट खरी, म्हणून खालच्या अंगाला, जिथे आधीपासून माती आणि जुनी काजू आहेत, तिथे अजून काजू लावणार. कलमवाले दादा रोपांबद्दल सांगणार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालं. वरचा कातळ आहे तसा. चुलतभावाचा तिसरा हिस्सा आहे, त्याचं मन अजून ठरलेलं नाही. तो दिवाळीला येणार आहे.

देवगडी_कलमवाला
त्यालाही भाद्रपदात बोलवायला हवं होतं. दिवाळीत सडा वाळलेला असतो.

सड्याखालची
फोटो आहेत. आणि काकू आहे, ती सांगेल.

पाटीवरची_बाई
पुढच्या मिरगाला मी आले तर चालेल का? गुडघे कुरकुरतात, पण पाखाडी चढेन.

सड्याखालची
बाई, विचारता काय, या! आमच्याकडेच उतरा. फक्त पकड असलेले बूट आणा, पहिल्या पावसात कातळावर शेवाळ धरतं. आणि पाऊल टाकताना भेगांकडे बघा.

घाटावरचा_बंडू
मीही येऊ का? भाजी फक्त बांधावरची काढेन, शपथ.

मालवणी_बाय
ये रे. पण कांद्याक हात लावशीत तर बघ.